मकावमधील एक व्यापारी वाडा आणि आपले जमाखर्च

स्मरणिका मंडळाने ‘महाजन घराण्यांचे जुने वाडे’ या विषयावर मजकडून लेख मागविला, तेव्हा मी होकार दिला खरा. परंतु लेखणी हाती घेतल्यावर ध्यानात आले की, ज्या वाड्यांविषयी लिहावयाचे त्यांतील पुष्कळसे आज उभे नाहीत, आणि जे उभे आहेत त्यांच्या किल्ल्या नेमक्या कोणाकडे आहेत हेही कित्येकदा घरच्या मंडळींस सांगता येत नाही. माझ्या स्वतःच्या घराण्याचा वाडा पहिल्या प्रकारात मोडतो. त्याची हकिगत मी पुढे सांगणारच आहे. परंतु ती सांगण्याचे धैर्य मला ज्या एका वास्तूमुळे आले ती गोमंतकात नाही. ती आहे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर, मकाव शहरात. म्हणून महाजन बांधवांनी थोडा वेळ मजबरोबर तिकडे यावे अशी विनंती आहे. आपला आणि त्या गावाचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही.

लिसेवांत माझी जेमतेम दोन-अडीच वर्षे झाली असतील-नसतील तोच १९६१ चा डिसेंबर उजाडला आणि पोर्तुगीज राजवट संपली. त्या अल्प काळात भूगोलाच्या वर्गातील भिंतीवर पोर्तुगालच्या सागरपारच्या प्रांतांचा एक मोठा नकाशा टांगलेला असे. अंगोला व मोझांबिक हाताच्या पंजाएवढे, आपला गोवा बोटाच्या पेराएवढा, आणि मकाव म्हणजे केवळ एक ठिपका. अंगोलातील नद्या पाठ म्हणून दाखविताना अडखळलो की आमचे प्राध्यापक छडीचे टोक त्या ठिपक्यावर ठेवीत आणि म्हणत, ‘निदान हे तरी सांग.’ पुढे सारा जन्म कारकुनीत गेला. जुने पोर्तुगीज दस्तऐवज, वारसांच्या वाटपाची इन्व्हेंतार-प्रकरणे, सीमादर्शक उतारे यांच्या नकला उतरविणे हेच माझे काम होते. त्या कागदांत ‘मकाव’ हे नाव अधूनमधून भेटे. गाव मात्र ठिपकाच राहिले.

२०१२ सालच्या जानेवारीत तो योग आला. जावई नोकरीनिमित्त हाँगकाँगला होते. त्यांच्याकडे आम्ही उभयता महिनाभर राहिलो, आणि एके दिवशी सकाळच्या बोटीने मकावला गेलो. तासाभराचा प्रवास. मंडळींना तेथील उंच इमारती आणि जुगाराचे महाल पाहावयाचे होते. मी मात्र धक्क्यावर उतरलो तोच रस्त्यांच्या नावांनी अडकून पडलो. पांढऱ्या-निळ्या फरशीवर वर चिनी अक्षरे आणि खाली ‘रुआ’, ‘त्राव्हेसा’, ‘काल्साद’! पणजीच्या फोंतेन्यांश भागात फिरताना दिसतात तशीच. मकाव १९९९ च्या २० डिसेंबर रोजी चीनच्या स्वाधीन झाले. पण पोर्तुगीज तेथे आजही राजभाषांपैकी एक आहे. गंमत अशी की त्या पाट्या वाचीत चालणारा आमच्या भोवतालच्या गर्दीत बहुधा मी एकटाच होतो.

नगरपालिकेच्या जुन्या इमारतीपासून चढ चढून सेंट लॉरेन्सच्या चर्चवरून पुढे गेले की लिलाव नावाचा एक लहानसा चौक लागतो. दोन मोठे वृक्ष, त्यांच्या सावलीत बाके, आणि एक झरा. पोर्तुगीज लोकांनी आरंभी वस्ती केली ती या झऱ्याच्या आश्रयाने. याचे पाणी जो प्याला तो मकाव विसरत नाही अशी तेथे समजूत आहे. आपल्याकडेही झऱ्याची नावे घेऊन अशी वाक्ये बोलली जातात, त्यामुळे मला ते ऐकून नवल वाटले नाही. या चौकाच्या अंगास, त्राव्हेसा द आंतोनियु द सिल्व्ह या अरुंद गल्लीत, ‘काझ दु मांदारीं’ म्हणजे मांदारिनाचे घर आहे. तेच पाहावयास मी आलो होतो.

आधी या नावाचीच कथा सांगतो. ‘मांदारीं’ हा शब्द पोर्तुगीजांनी चिनी अधिकाऱ्यांना लावला आणि तो सगळ्या युरोपभर गेला. परंतु तो मूळचा चिनी नव्हे आणि पोर्तुगीजही नव्हे. मलाया द्वीपकल्पात ‘मंतरी’ म्हणून जो शब्द रूढ होता तो त्यांनी उचलला, आणि तो शब्द म्हणजे आपल्या संस्कृतातील ‘मंत्रिन्’. तेव्हा चीनमधील या वाड्याच्या पाटीवर जे नाव आहे ते एका अर्थी आपलेच आहे. लिसेवांत हे कोणी सांगितले असते तर तो ठिपका मी कधी चुकलो नसतो.

हे घर मंत्र्याचे म्हणावे तर तेही खरे नव्हे. झेंग वेनरुई नावाच्या गृहस्थांनी १८६९ च्या सुमारास ते बांधले. त्यांचे पुत्र झेंग ग्वानयिंग यांच्यामुळे त्यास कीर्ती आली. या पुत्रास सरकारी पदव्या होत्या, परंतु त्याची सारी मिळकत व्यापारातील होती. म्हणून मी यास व्यापारी वाडा म्हणतो.

बाहेरून काहीच दिसत नाही. करड्या विटांची लांबच लांब भिंत आणि एक दुमजली दरवाजा. आत शिरले म्हणजे मेण्यांसाठी राखलेली अरुंद वाट, मग नोकरांच्या खोल्या, मग भिंतीतून कोरलेले पूर्ण वर्तुळाकार दार, ज्याला तेथे चंद्रद्वार म्हणतात, आणि त्यापलीकडे एकाला लागून एक अशी मुख्य घरे. सुमारे चार हजार चौरस मीटरांचा हा सारा विस्तार आहे. खोल्या साठांहून अधिक. दोन मुख्य दालनांना जी नावे दिली आहेत ती एका प्राचीन चिनी ग्रंथातील वचनावरून आलेली असून त्यांचा आशय असा की, जे घर पुण्य साठविते त्याच्या वाट्यास शिल्लक राहील इतके मंगल येते. एक दालन साठविलेल्या पुण्याचे, दुसरे शिलकी मंगलाचे. व्यापाऱ्याने घराला नाव देताना देखील जमा आणि शिल्लक ही दोनच पदे निवडली याचे मला, जन्मभर रकाने भरलेल्या माणसाला, मोठे कौतुक वाटले.

प्रत्येक घराच्या मध्यभागी आकाशाकडे उघडा चौक आहे. पाऊस सरळ आत पडतो, उजेड वरून येतो, आणि चारही बाजूंच्या खोल्या त्या चौकाकडे तोंड करून असतात. आमच्या सौभाग्यवती पाहताक्षणीच म्हणाल्या, ‘हें तर आमचें राजांगण!’ मधोमध तुळशीवृंदावन नव्हते एवढाच फरक. देशोदेशींच्या वास्तुशास्त्रज्ञांनी याची कारणे हवेत, पावसात आणि घरातील स्त्रियांच्या आडपडद्यात शोधली असतील. मला एवढेच दिसले की पाहुणा किती आत येऊ शकतो याची एक अदृश्य रेषा त्या घरातही होती. व्यापारी बाहेरच्या दालनात, आप्त मधल्यात, आणि देव व पूर्वज सर्वांत आत. शिलकी मंगलाच्या घरात तर मुख्य दालन माडीवर नेलेले आहे.

आता खिडक्यांविषयी. या वाड्याच्या अनेक खिडक्यांना काच नाही. लाकडी चौकटीत ओळीने बसविलेले शिंपल्यांचे पातळ, चौकोनी, दुधी तुकडे आहेत. बाहेरचे ऊन त्यांतून गाळून आत येते आणि खोलीत ताकाच्या रंगाचा उजेड पसरतो. आपल्याकडील ज्यांचे बालपण जुन्या वाड्यात गेले त्यांना याचे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. जुवारीच्या पात्रात चिखलीच्या बाजूस हे चपटे शिंपले सापडत आले आहेत. काच दुर्मीळ व महाग होती त्या काळी गोव्यातील चर्चे, कोंव्हेंते आणि हिंदूंचे वाडे या सर्वांनी ते खिडक्यांस वापरले. मकावमध्ये ही रीत हिंदुस्थानकडून आली असे तेथील वारसास्थळांच्या वर्णनात म्हटले आहे. मी त्या खिडकीपाशी बराच वेळ उभा राहिलो. एका तुकड्याचा कोपरा उडालेला होता. आमच्या माडीवरील खिडकीत अगदी तसाच एक होता आणि त्यातून लहानपणी मी रस्ता पाहत असे. ती खिडकी आता नाही.

झेंग ग्वानयिंग यांचा जन्म १८४२ सालचा. म्हणजे इंग्रजांनी अफूच्या पहिल्या युद्धात चीनचा पराभव करून हाँगकाँग घेतले तेच वर्ष. सरकारी नोकरीची परीक्षा उतरली नाही म्हणून वडिलांनी त्यांस शांघायला नातलगांकडे व्यापार शिकावयास धाडले. तेथे संध्याकाळच्या वर्गात ते इंग्रजी शिकले आणि डेंट या इंग्रज पेढीत लागले. ही पेढी त्या काळातील मोठ्या अफू-व्यापाऱ्यांपैकी एक. ती १८६७ मध्ये बुडाल्यावर पुढे काही वर्षांनी ते स्वायर यांच्या आगबोट कंपनीचे ‘कोंप्रादोर’ झाले. हा शब्दही पाहा. पोर्तुगीजमध्ये त्याचा साधा अर्थ ‘खरेदी करणारा’. मकावमधील पोर्तुगीज घरांसाठी बाजारहाट करणाऱ्या चिनी माणसास हे नाव पडले, आणि होता होता परदेशी पेढी व देशी बाजार यांच्यामध्ये उभ्या असलेल्या मोठ्या दलालास ते लागू झाले. भाव ठरविणे, माल पारखणे, आपल्या जातभाईंच्या पतीची हमी देणे, दोन्ही भाषांत हिशेब ठेवणे ही सारी त्याची कामे. गोव्यात आपल्या लोकांनी राज्याचे दुभाषी, वकील, मक्तेदार आणि दलाल म्हणून पोर्तुगीज सरकारची जी सेवा केली तिचा इतिहास पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोर्तुगीज ग्रंथात कागदपत्रांसह आला आहे. ज्यांनी तो चाळला असेल त्यांस कोंप्रादोर म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

हमीचे काम हे दलालाचे बळ आणि तेच त्याचे मरण. स्वायर कंपनी सोडताना झेंग यांनी आपल्या जागी येणाऱ्या गृहस्थांस जामीनकी दिली होती. त्या गृहस्थांच्या हिशेबात मोठी तूट निघाली, आणि १८८५ मध्ये हाँगकाँगला उतरताच जामीनदार म्हणून झेंग यांनाच अडकवून ठेवण्यात आले. ते प्रकरण मिटण्यास वर्षभर लागले. मग ते प्रकृती खालावलेली, पैसा आटलेला अशा स्थितीत मकावच्या या वाड्यात येऊन राहिले. जामीनकीपायी वाडे गेलेली घराणी आपल्या यादीतही आहेत. नावे घेत नाही. झेंग यांनी मात्र त्या सक्तीच्या विसाव्यात लिहावयास घेतले. १८९४ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या नावाचा अर्थ ‘भरभराटीच्या काळातील इशाऱ्याचे शब्द’ असा होतो. परकीयांशी तोफांनी लढण्याआधी व्यापाराने लढावयास शिका, कारखाने काढा, तारायंत्रे उभारा, लोकांच्या प्रतिनिधींची सभा असू द्या, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे लोकहितवादींनी शतपत्रांत व्यापाराविषयी जी कळकळ मांडली ती याच्या जवळपास अर्धशतक आधीची आहे. दोन्हीकडे रोग एकच होता, तेव्हा औषधातही सारखेपणा यावा हे स्वाभाविक आहे. झेंग यांचा ग्रंथ सम्राटाने आपल्या अधिकाऱ्यांसाठी छापवून घेतला, आणि पुढे माओ त्से-तुंग यांनी तरुणपणी तो आवडीने वाचला होता.

मला त्यांच्याविषयी अधिक आदर वाटला तो आणखी एका गोष्टीमुळे. मकावमधून हजारो चिनी मजूर फसवून किंवा बळाने क्युबा व पेरू येथे पाठविले जात. हा धंदा पोर्तुगीज सरकारने १८७४ मध्ये बंद केला. तो चालू असतानाच झेंग यांनी आपल्या पहिल्या पुस्तकात त्याविरुद्ध लिहिले होते, आणि अफूविरुद्धही. ज्या पेढीत ते व्यापार शिकले ती अफूवर मोठी झाली होती हे वर सांगितलेच आहे. आपल्या मिळकतीच्या उगमाकडे बोट दाखविणारा व्यापारी क्वचित आढळतो.

पुढे घराणे पांगले. वाडा भाड्याने दिला गेला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास त्यात एका वेळी तीनशेहून अधिक माणसे राहत होती. दालनांत फळ्यांच्या भिंती उठल्या, चौकांवर पत्रे चढले, कोरीवकाम धुराने काळे झाले. २००१ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला. आठ वर्षे दुरुस्ती चालली. दरम्यान २००५ मध्ये मकावच्या जुन्या शहराबरोबर त्याचा जागतिक वारशात समावेश झाला, आणि २०१० च्या फेब्रुवारीत तो लोकांस खुला झाला. दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे आत लावलेली आहेत. ती पाहून मी थक्क झालो. आपल्याकडे त्याहून पुष्कळ बऱ्या अवस्थेतील वाडे ‘आता काही उपाय नाही’ म्हणून पाडले गेले आहेत.

इतके सारे पाहून झाल्यावरही मनात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत होते. दालने स्वच्छ, तेल दिलेली, आणि बहुतेक रिकामी. चार खुर्च्या, एखादे टेबल, भिंतीवरील अक्षरे. ग्रंथकार झेंग जागोजाग भेटतात. व्यापारी झेंग कोठे आहेत? माझी नजर सवयीने दप्तर शोधू लागली. कोठार कोणते, पेढीची बैठक कोठे, वह्या कोठे ठेवीत? तेथील एका तरुण कर्मचारी मुलीस मी जावयामार्फत विचारले. ती नम्रपणे हसली आणि म्हणाली की, हिशेबाच्या वह्या येथे मांडलेल्या नाहीत. असे विचारणारे आपण पहिलेच. तिचे काही चुकले नव्हते. घर पाहावयास येणारा लाकूड पाहतो. परंतु ते लाकूड कशाच्या नफ्यातून आले हे फक्त वह्या सांगतात.

वाड्यातून बाहेर पडून तीन-चार मिनिटे उतरले की एक पिवळी-पांढरी कमानींची लांब इमारत दिसते. तिला ‘मूरांची बराक’ म्हणतात. १८७४ मध्ये कास्सुतो नावाच्या इटालियन वास्तुकाराने तिचा आराखडा केला. ती बांधली होती मकावच्या पोलीस दलासाठी गोव्याहून नेलेल्या हिंदी शिपायांकरिता! झेंग यांच्या दारावरून आपल्या गावचे शिपाई गस्त घालीत गेले असतील. या संबंधाची मुळे फार जुनी आहेत. १८४४ पर्यंत मकाव गोव्याच्या सरकारच्या हाताखाली होते. तेथील दाव्यांची अपिले गोव्याच्या उच्च न्यायालयात येत. सोळाव्या शतकापासून गोव्याची जहाजे एप्रिल-मे महिन्यांत वाऱ्याबरोबर सुटत, मलाक्क्यावरून पावसाळ्याच्या दिवसांत मकाव गाठीत, आणि हिवाळ्यात वारा उलटला म्हणजे रेशीम, चिनी मातीची भांडी व साखर घेऊन परत फिरत. आपल्या माजघरांतील निळ्या नक्षीच्या बरण्या अशाच आल्या.

जाताना काय नेत? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे मुख्य उत्तर होते अफू. शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकलेली अफू इंग्रजांच्या मक्त्यास चुकवून सिंध व काठेवाडच्या वाटेने दमणला येई आणि पोर्तुगीज निशाणाखाली मकावला जाई. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर ही वाट मिटली. तोवर तिच्यावर मुंबईच्या व गोव्याच्या अनेक पेढ्या वाढल्या होत्या. मुंबईत पेढी असलेले गोमंतकीय रोझेरियु द फारिया हे त्यांतील एक मोठे नाव. पणजीच्या म्हामाय कामत यांच्या घराण्यातील कागद हे दुसरे मोठे साधन. पोर्तुगीज, फ्रेंच, मराठी अशा अनेक भाषांतील त्यांचा पत्रव्यवहार व जमाखर्च पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात पोहोचला. तेओतोनियु द सौझा यांनी १९८० च्या सुमारास त्याची ओळख अभ्यासकांना करून दिली, आणि सेल्सा पिंतो यांनी १७७० ते १८४० या काळातील गोव्याच्या व्यापारावर जो ग्रंथ लिहिला त्यात त्याचा भरपूर उपयोग केला. त्या कागदांत अफू आहे, आणि फ्रेंचांच्या गुलामांच्या व्यापाराचे धागेही आहेत. हे सर्व बाहेर येऊ दिले यात त्या कुटुंबाचे मोठेपण आहे असे मी मानतो. मकावमध्ये वाडा राखला गेला. येथे वह्या राखल्या गेल्या. दोहोंपैकी कोणते श्रेष्ठ याचा वाद मी घालणार नाही. माझ्या वाट्यास दोन्ही आले होते आणि मी दोन्ही घालविले.

आमचा वाडा १९७८ साली गेला. पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे मुलगे-मुली सर्वांना वाटा. तीन पिढ्यांत सहधारकांची संख्या एकतीसवर गेली. कौले परतावयाची तर एकतीस जणांची संमती आणि एकतीस जणांचे पैसे, आणि दोन्ही कधी एके ठिकाणी आले नाहीत. इन्व्हेंताराचे कागद मीच तयार केले. हस्ताक्षर चांगले म्हणून माझेच नाव पुढे झाले. घरातील वस्तूंची यादी करताना तांब्याची भांडी, समया, पितळी कड्यांचा झोपाळा, चिनी बरण्या नऊ, पैकी दोन फुटक्या, असे सारे मी लिहिले. माडीवर लाल रुमालांत बांधलेली बाडे होती, चाळीसच्या आसपास. त्यांस किंमत काय लावावी हे कोणास सुचेना. म्हणून मी यादीत लिहिले, ‘जुने निरुपयोगी कागद, किंमत शून्य.’ हे वाक्य पोर्तुगीज काळातील नमुन्यातून मी शेकडो वेळा उतरविले होते. तेव्हाही ते हाताने आपोआप लिहिले गेले. घर रिकामे करण्याच्या आठवड्यात न्हाणीघरातील भाणात पाणी त्याच कागदांवर तापले. मी स्वतः त्या पाण्याने आंघोळ केली आहे. मोडी मला येत नव्हती आणि घरात येत असलेले शेवटचे माणूस, आमचे आजोबा, पंचवीस वर्षांपूर्वी गेले होते. पण ही सबब झाली. मोडी वाचणारी माणसे त्या वेळी गोव्यात होती.

मकावहून परतल्यावर मी आमच्या धाकट्या आत्याकडे गेलो. वाडा रिकामा होताना तिने देवघरातील लाकडी पेटी मागून घेतली होती हे मला आठवत होते. पेटीच्या तळाशी, टाकांखाली अंथरलेल्या वस्त्राच्या घडीखाली, एक वही निघाली. आत्या म्हणाली, ‘देवाच्या पेटींतलें म्हणून कोणी हात लावलो ना रे बाबा.’ अशा रीतीने चाळीसांपैकी एक वाचली.

ती रोजकीर्द आहे. अर्धी पाने कसरीने खाल्लेली. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी मजसमोर बसून ती वाचावयास आरंभ केला. वर्ष शके १७४९, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १८२७–२८. पहिल्या पानांवर सुपारी, नारळ, मीठ, भात, एका सुतारास दिलेली आगाऊ रक्कम. सातव्या पानावर दमणच्या एका अडत्याचे खाते निघाले, आणि त्यात ‘अफूची पेटी एक, पैकी आपला वाटा चार आणे’. दोन पानांनंतर ‘माकावहून हिशेब उतरला’ अशी नोंद, आणि नफ्याची रक्कम. त्याच्या लगेच खाली, त्याच हस्ताक्षरात, त्याच शाईत: ‘श्रींचे नंदादीपास तेलाकडे, रुपये ११.’

वाचणारे गृहस्थ थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहू लागले. मी त्यांना पुढे वाचावयास सांगितले.

आमच्या घराण्याकडून नंदादीपास तेल देण्याची चाल आहे हे संस्थानच्या जुन्या महाजनांस ठाऊक आहे. दर वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी ते तेल मी स्वतः नेऊन देतो. तिचा आरंभ एका पूर्वजाने मोठ्या आजारातून उठल्यावर केला असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तो नवसही खरा असेल. वहीची आधीची बाडे जळाली, त्यामुळे त्याचा शोध आता लागावयाचा नाही. पण ज्या वर्षाचा कागद हाती आहे त्या वर्षी तेल कशातून आले ते लिहिलेले आहे. लिहिणाऱ्याने ते लपविलेले नाही. त्यास त्यात लपविण्यासारखे काही वाटले नसावे. चीनमधील ज्या घरांत ती अफू पोहोचली तेथे काय झाले हे त्याने पाहिले नव्हते. झेंग ग्वानयिंग यांनी पाहिले होते.

ही नोंद स्मरणिकेत द्यावी की नाही यावर आमच्या कुटुंबात दोन मते पडली. धाकट्या बंधूंचे म्हणणे असे की देवाच्या पुस्तकात असले कशाला. माझे म्हणणे असे की ती नोंद देवाच्याच पेटीत इतकी वर्षे सांभाळली गेली. शेवटी ते म्हणाले, ‘तुझ्या नांवानें घाल.’ त्याप्रमाणे माझ्या नावाने घातली आहे.

वही आता आत्याच्या घरून माझ्याकडे आली आहे. कसर वाढू नये म्हणून पाने सुटी करून मऊ कागदांत ठेवली आहेत. आतापर्यंत बावीस पाने वाचून झाली. अठरा उरली आहेत. मोडी वाचणारे गृहस्थ रविवारी सकाळी येतात, चहा घेतात, आणि डोळे थकेपर्यंत दीड-दोन पाने सांगतात. मी ती उतरून घेतो. गेल्या रविवारी तेविसाव्या पानाचे पहिले तीन रकाने लागले. त्यात संस्थानच्या अग्रशाळेच्या कौलांचा काही हिशेब दिसतो. ज्या महाजन बांधवांच्या घरी शके १७४० ते १७६० या काळातील बाडे असतील त्यांनी ती कशीही असोत, भाणाकडे नेण्यापूर्वी मला एकदा निरोप धाडावा. मी येऊन घेऊन जाईन.